जुनं लाकूड, नवं लाकूड आणि मधला सांधा

हल्ली 'अपसायकलिंग' हा शब्द फार ऐकू येतो. जुन्या दाराचं जेवणाचं टेबल, शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर बसवलेलं बेसिन, बैलगाडीच्या चाकाचं झुंबर... फोटो येतात, आपण 'वा!' म्हणतो आणि पुढे जातो. शब्द नवा आहे, पण फार नवा नाही. १९९४ साली 'साल्वो' नावाच्या ब्रिटिश नियतकालिकात राइनर पिल्झ या जर्मन इंजिनीअरची मुलाखत आली, त्यात तो छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसतो असं मानतात. गंमत म्हणजे हे नियतकालिक काही हस्तकलेचं नव्हतं. पाडलेल्या इमारतींच्या विटा, दारं, तुळया यांच्या व्यापाराचं होतं. पिल्झचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही ज्याला रिसायकलिंग म्हणता त्यात विटा फोडून चुरा करतात, म्हणजे वस्तूची किंमत उतरते. जुन्या वस्तूची किंमत वाढली पाहिजे, घटता कामा नये.

आता ही गोष्ट आपल्या आजीला सांगितली असती तर तिला त्यात नवल वाटलं नसतं. तिच्याकडे त्यासाठी 'मोड' आणि 'घडणावळ' हे दोन शब्द होते. जुन्या पाटल्या सोनाराकडे मोडीत घातल्या की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते. पितळी घंगाळ मोडीत दिलं की पितळेचा भाव मिळतो, ते कुणी किती दिवस ठोकून घडवलं याचा भाव मिळत नाही. पिल्झला जे सांगायचं होतं ते एवढंच, की वस्तू मोडीत काढू नका, घडणावळ वाचवा. साडीची गोधडी होते तेव्हा कापडाचं कापडपण शाबूत राहतं, म्हणून ती मोड नव्हे.

तर मंडळी, लाकडाची मोड म्हणजे काय? लाकडाची मोड म्हणजे सरपण. बंबात घातलं की संपलं. आपल्याकडच्या किती वाड्यांच्या कोरीव पट्ट्या आणि महिरपी अशा अंघोळीच्या पाण्यापायी गेल्या असतील, त्याची गणती कुणी ठेवलेली नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण घरगुती आहे. आमचा गावाकडचा वाडा उतरवायचं ठरतंय. नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. भिंती फुगल्यात, माळवद गळतं, तिथं कायम राहणारं कुणी नाही आणि चौघांच्या नावावरची जागा कधी ना कधी मोकळी करावीच लागणार. प्रश्न लाकडाचा आहे. फोनवर सरळ दोन पक्ष पडलेत. काकांचा पक्ष म्हणतो, लाकूड व्यापाऱ्याला घनफुटावर द्या, पैसे वाटून घ्या आणि ज्याला हवं त्याने आपापल्या फ्लॅटमध्ये प्लायचं सुटसुटीत फर्निचर करावं. आत्याचा पक्ष म्हणतो, पणजोबांनी उभा केलेला खांब विकायचा म्हणजे काय, त्याचे पलंग करा, टेबलं करा. मी राहतो सोलापुरात सात रस्त्याला. प्रश्नाला दोनच वाटा आहेत म्हटलं की मला जरा शंका येते! म्हणून ठरवलं, मत द्यायच्या आधी या लाकडाचा इतिहास थोडा उलगडून बघू.

*

आधी हे लाकूड वाड्यात काय करत होतं ते पाहू. आपल्या भागात, म्हणजे सोलापूर, उस्मानाबाद (आता धाराशिव), लातूर पट्ट्यात, घर मोजायचं माप खण. चोळीचा खण नव्हे, लाकडी चौकटीतला. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. इतक्या खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला घराचा आकार आणि घरमालकाची ऐपत दोन्ही कळत असे. खांब उभे, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलच, मग पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे झालं माळवद. भिंती दगड-मातीच्या, चांगल्या दोन-दोन हात जाडीच्या.

यात मला महत्त्वाचा वाटतो तो सांधा. खांब आणि तुळई यांचा जोड खिळ्याचा नसे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्यात बसणारं टोक, आणि गरज पडली तर आरपार लाकडी खुंटी. खुंटी ठोकून काढली की जोड सुटतो. म्हणूनच आपल्याकडे जुनं घर 'उतरवतात'. एकेक तुळई खाली येते, तिच्यावर खूण करून ठेवतात आणि दुसरीकडे चढवतात. भावाभावांत वाटण्या झाल्या की नुसती जमीन वाटली जात नसे, लाकूडही वाटलं जाई. घर हा जणू लाकडाचा ठेवा होता, आणि ठेव मोडता येत होती.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल आहे तो असाच. मूळ जागेवरून सुटा करून आणला आणि संग्रहालयात पुन्हा उभा केला. सिमेंट काँक्रीटची इमारत असती तर तिचं काय आणलं असतं? फार तर एखादा फोटो.

एवढी काळजी का? कारण लाकूड दुर्मिळ होतं आणि ते तसं आहे याची जाणीव राज्यकर्त्यांनाही होती. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाबद्दल सूचना आहेत. साग वगैरे उपयोगी लाकूड आपल्या राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावं, अधिक लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाची झाडं मात्र कामाची असली तरी तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच झाड जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं. तीनशे वर्षांपूर्वी एक मुत्सद्दी झाडाच्या वाढीचा काळ राज्यकारभाराच्या हिशेबात धरतो, ही लहान गोष्ट नाही.

दुसरं कारण सुताराच्या पोटापाण्याचं. बारा बलुतेदारांत सुतार महत्त्वाचा. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) वाचलं तर ही व्यवस्था तिच्या गुणदोषांसकट दिसते. शेतकऱ्याच्या औत-अवजारांची दुरुस्ती सुताराने वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचं. म्हणजे दर दुरुस्तीला वेगळे पैसे नाहीत. अशा हिशेबात सुताराचा फायदा कशात? वस्तू कमी मोडण्यात! आजच्या दुकानदाराचा फायदा वस्तू लवकर बदलण्यात असतो. यात कुणी चांगलं, कुणी वाईट असं नाही, हिशेबच उलटा आहे. अर्थात बलुतेदारी गोड होती असंही नव्हे. जात ठरवणार धंदा, आणि बलुतं किती द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. जुन्या लाकडाच्या प्रेमात जुनी समाजव्यवस्थाही गोड वाटू लागते, तेवढं जपायला हवं.

*

मग इंग्रज आले आणि लाकडाचा सगळा हिशेबच पालटला.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षांच्या वर! साग म्हणजे काय चीज आहे ते कळायला एवढं एक उदाहरण पुरे. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्ही त्याला सहजी खात नाहीत.

पुढे रेल्वे आली. सोलापूरला गाडी १८६० साली पोचली. बोरघाटाचा रूळमार्ग पुरा व्हायला अजून तीन वर्षं होती, पण आपल्याकडे गाडी आली होती. रुळांखाली स्लीपर लागतात, इंजिनाला सुरुवातीला सरपणही लागे. रानं भराभर उतरू लागली तेव्हा सरकारला जाग आली आणि १८६४ साली डीट्रिख ब्रांडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या हाताखाली वनखातं सुरू झालं. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, रानं राखीव झाली. राखीव कुणासाठी? प्रामुख्याने सरकारच्या गरजेसाठी. ज्यांची गुरं त्या रानात चरत होती, ज्यांची मोळी तिथून येत होती, ते एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागले. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या जंगलखात्यावर जो कोरडा ओढलाय तो याचसाठी.

मुंबईच्या व्यापारात अजूनही 'बर्मा टीक' म्हणजे सागातला राजा. तो कसा आला, तेही बघा. १८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली. ब्रह्मदेशातला साग काढणं हा तिचा मोठा धंदा. १८८५ साली ब्रह्मी दरबाराने या कंपनीला लाकडाच्या हिशेबात फसवणूक केल्याबद्दल २३ लाख रुपये दंड केला, आणि त्या भांडणाचं निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारलं. राजा थिबा पदच्युत होऊन आपल्या रत्नागिरीला येऊन पडला, ते यातूनच. त्याचा राजवाडा बघायला आपण सहलीला जातो. घरातल्या बर्मा सागाच्या कपाटाचं आणि त्या राजवाड्याचं मूळ एकाच भांडणात आहे हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

हे मुद्दाम सांगितलं, कारण जुन्या लाकडाभोवती आजकाल एक पावित्र्याचं वलय आलंय. जुनं म्हणजे सात्त्विक, नवं म्हणजे बाजारू. पण जुनं लाकूडही कुणाच्या तरी रानातून, कुणाच्या तरी तोंडचं काढून आलेलं असू शकतं. त्याचं वय हे पुण्य नव्हे. उलट मी असं म्हणेन, की एवढी किंमत मोजून जे आलंय ते बंबात घालणं म्हणजे दुसऱ्यांदा नुकसान.

*

नव्याची गोष्टही तितकीच ऐकण्यासारखी आहे.

घरातलं पहिलं मोठं 'नवं' म्हणजे गोदरेजचं लोखंडी कपाट. कंपनीने ती १९२३ साली करायला घेतली. वाळवी नाही, उंदीर नाही, कुलूप भक्कम. लग्नात मुलीला कपाट देणं ही पुढे रीतच झाली. लाकडी पेट्या, फडताळं, संदुका मागे पडल्या त्या कुणी फसवलं म्हणून नव्हे. कपाट खरोखरच बरं होतं, आणि ते टिकलंही. आमच्याकडचं आईच्या लग्नातलं कपाट तीनदा रंग बदलून अजून उभं आहे. म्हणजे नवं टिकत नाही हेही खोटं.

मग आलं प्लायवूड. भारतात त्याची सुरुवात आसामात चहाच्या खोक्यांसाठी झाली. घरात शिरलं ते नंतर, सनमायका आणि फेव्हिकॉलच्या जोडीने. फेव्हिकॉल १९५९ चं. त्याआधी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, विस्तवावर पातळ करून लावायचा, वास असा की घर सोडून जावं! फेव्हिकॉलने सुतारांची त्यातून सुटका केली. त्याच्या जाहिराती आपण सगळ्यांनी हसत हसत पाहिल्यात. त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली असे, की हा जोड सुटत नाही.

आणि इथे मी थबकलो. सरसाचा जोड ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून शंभर वर्षांपूर्वीची खुर्ची आजही सुटी करून दुरुस्त करता येते. खुंटीचा जोड सुटतो. नव्या जोडाचा अभिमान मात्र तो कधीच सुटणार नाही हा. मजबुतीची आपली कल्पनाच मधल्या काळात बदलली.

१९९६ साल या गोष्टीत महत्त्वाचं आहे. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की मंजूर आराखड्याशिवाय जंगलात तोड नाही. ईशान्येतल्या लाकडाच्या वाहतुकीवरही कडक निर्बंध आले आणि तिथल्या कित्येक प्लायवूड गिरण्या थांबल्या. पुढे हा उद्योग शेतात लावलेल्या झाडांकडे वळला. हरियाणात यमुनानगरला पॉप्लर-निलगिरी, केरळात रबराची म्हातारी झाडं. म्हणजे आज आपण जे प्लाय घेतो त्यातलं बरंचसं जंगलातलं नसून शेतातलं असतं. 'प्लाय घेतलं म्हणजे जंगल तोडलं' हे आत्याचं वाक्य त्यामुळे निदान अर्धं तरी मागे घ्यावं लागेल. (आत्या, राग मानू नकोस!)

आणखी एक मजा. ज्याला आपण नाकं मुरडतो तो पार्टिकल बोर्ड १९३० ते ४० च्या दशकांत जर्मनीत पुढे आला तो लाकडाच्या टंचाईपायी. भुसा, तासकाम, फांद्या, म्हणजे जे जाळलं जायचं त्याच्या फळ्या करण्यासाठी. कल्पना म्हणून तेही टाकाऊतून टिकाऊच की! पण डिंक-भुशाच्या त्या फळीला ओल लागली की ती फुगते, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. पावसाळ्यात घर बदललेल्या कुणालाही हे सांगायला नको. टाकाऊतून ती आली खरी, पण पुढचा जन्म तिला नाही.

*

इथवर वाचून वाटेल, लेखकाचा कौल जुन्याकडे झुकला. थांबा. किल्लारी राहिलीच.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. सोलापूरपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, त्यामुळे धक्का इथेही बसला. तिकडे मात्र गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. हजारो माणसं गेली. कशाने गेली? बहुतेक त्या दगड-मातीच्या जाड भिंतींनी, आणि वर्षानुवर्षं माती चढवून दोन-दोन फूट झालेल्या माळवदांनी. वर ज्याचं मी एवढं कौतुक करून वर्णन केलं, तेच घर.

लाकडाबाबत मात्र एक विलक्षण गोष्ट तिथे तज्ज्ञांना दिसली. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांची चौकट उभीच राहिली होती. लाकूड हरलं नव्हतं. लाकडाचा आणि भिंतीचा, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांचा एकमेकांशी जोड नव्हता. पुन्हा सांधाच.

पुढे पुनर्वसन झालं ते दोन तऱ्हांनी. ५२ गावं नव्या जागी वसवली, सुमारे २८ हजार घरं नव्याने बांधली. सरळ रस्ते, चौकोनी वस्ती, सिमेंटचं काम. आणि दुसरीकडे, कमी पडझड झालेल्या गावांत, दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण, बरंचसं घरमालकांनी स्वतः उभं राहून करून घेतलेलं. या दुसऱ्या कामात काय सांगितलं होतं ते बघा. माळवदावरची जादा माती उतरवा. भिंतीत आरपार जाणारे दगड घाला. भिंतीभोवती पट्टा बांधा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरका टेका द्या. म्हणजे लाकूड तेच ठेवा, पण सांधा नव्या ज्ञानाने बांधा.

लोकांनी दगडाच्या घराची धास्ती घेतली आणि काँक्रीट मागितलं, त्यांना मी कोण नावं ठेवणार? ज्याच्या घरातली माणसं त्या भिंतीखाली गेली त्याला वारसा, कोरीव काम, पारंपरिक शहाणपण असले शब्द ऐकवणं हा उद्धटपणा आहे. जुनं जपायचं तर ते कशाने मारतं हेही माहीत हवं.

किल्लारी १९९३ ची आणि 'अपसायकलिंग' हा शब्द १९९४ चा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मला ती दोन सालं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. तिकडे युरोपात म्हणत होते, जुनं फोडू नका, वर चढवा. इकडे आपण ढिगाऱ्यातून तुळया ओढून काढत होतो.

*

आता पुन्हा आमच्या वाड्याच्या लाकडाकडे येऊ.

सोलापुरातल्या एका जाणत्या मिस्त्रींना विचारलं. ते काही 'जुनं ते सोनं'वाले निघाले नाहीत. म्हणाले, जुना साग पूर्ण वाळलेला असतो, आता तो वाकणार नाही, पिळणार नाही, ही त्याची खरी किंमत. पण त्यात नंतर कुणी कुणी मारलेले खिळे असतात, करवतीचं पातं गेलं की मजुरी वाढते. आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढायचे. तुळईचं टोक भिंतीत असतं, ते बहुतेक कुजलेलं निघतं, तेवढं कापून टाकायचं. खाचांच्या जागाही वाया जातात. राहिलेल्या लाकडाचं काम उत्तम होईल, पण प्लायपेक्षा वेळ जास्त आणि मजुरीही जास्त. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं हे मी त्यांना सांगितलं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून रंगवलेली दारं घरात बसून कोरडी घासायची नाहीत, पोरं आसपास असताना तर नाहीच.

जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध 'अपसायकल' केलेलं टेबल तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं 'रेझोल्यूट डेस्क'. 'रेझोल्यूट' हे ब्रिटिश जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकलं, टाकून दिलं, अमेरिकन खलाशांना सापडलं, अमेरिकेने ते दुरुस्त करून परत केलं. १८७९ साली ते मोडीत निघालं तेव्हा राणी व्हिक्टोरियाने त्याच्या ओकच्या लाकडाचं टेबल करून १८८० साली राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेट पाठवलं. पण जहाजाचं सगळंच लाकूड काही टेबल झालं नाही. थोडं टेबल झालं, बाकीचं इकडे तिकडे गेलं. आठवण सांभाळायला एक टेबल पुरतं.

मला यातून आमच्या घरापुरतं जे सुचतं ते लिहितो. काकांनी आणि आत्याने दोघांनीही वाचावं.

वाडा 'पाडायला' जेसीबी बोलावू नये, 'उतरवायला' माणसं लावावीत. खर्च थोडा जास्त येईल, पण जेसीबीने ओढलेल्या तुळईची मोडच होते. उतरवताना प्रत्येक खांबावर, तुळईवर खडूने नंबर घालावा, लांबी-रुंदी वहीत लिहावी. त्याशिवाय व्यापाऱ्याला सरसकट ढिगाचा भाव सांगू देऊ नये. चांगलं निघेल त्यातलं प्रत्येक घराला लागेल तेवढंच ठेवावं, एखादं टेबल, एखादा दिवाण, देवघर. सातव्या मजल्यावरच्या दीड खोलीत चार खांब नेऊन कुणाच्याही आठवणी वाढणार नाहीत, अडगळ वाढेल. बाकीचं विकावं, आणि विकताना वाईट वाटून घेऊ नये. व्यापाऱ्याकडून ते कुणाच्या तरी घरात दार होऊन जाईल. ते बंबात जाणार नाही, कारण त्याला आता भाव आहे. विकणं म्हणजे मोडीत काढणं नव्हे, हे आत्याला एकदा पटलं तर निम्मं भांडण मिटेल.

आणि ज्यांना प्लायचंच करायचंय त्यांनी खुशाल करावं. फक्त मिस्त्रींना एवढं सांगावं, की सगळं खिळे आणि फेव्हिकॉलने कायमचं जखडू नका. कपाटाच्या बाजू नट-बोल्टवर घ्या, पलंग सुटा होईल असा करा, भिंतीत गाडू नका. उद्या घर बदललं, पोरांनी वेगळं मांडलं, तर ते उतरवता आलं पाहिजे. पणजोबांच्या सुताराने आपल्यासाठी एवढं केलं होतं. त्याला कुणी पर्यावरणाचं व्याख्यान दिलं नव्हतं. लाकूड महाग आणि माणसाचं आयुष्य लाकडापेक्षा लहान, एवढं त्याला ठाऊक होतं. आपण आज जुन्या लाकडाचं टेबल करू शकतो, यात आपल्या कल्पकतेचा वाटा लहान आणि त्याच्या सुटणाऱ्या सांध्याचा मोठा.

त्यामुळे जुनं की नवं या भांडणात माझं मत कुणी विचारलंच तर ते असं: जे नवं करताय ते जुनं होऊ शकेल का, एवढं आधी बघा. लोखंडी कपाट झालं. भुशाची फळी होत नाही.

वाडा उतरवायचं काम दिवाळीनंतर निघेल असं दिसतंय. वही मी आणतो. टेप, खडू आणि लोहचुंबक कुणाकडे आहे ते कळवा. आणि बाकी वाचकांपैकी कुणी आपल्याकडचं जुनं घर उतरवलं असेल तर लाकडाचं काय केलंत, कुठे फसलं, कुठे जमलं, ते जरूर लिहा. आम्हाला उपयोग होईल.